आईला ताप नव्हताच

डहाणूला गाडीतून उतरून पश्चिमेकडे गेले की चिकूच्या बागा आणि समुद्र लागतो. पूर्वेकडे वळले की तलासरीपर्यंत वारली आदिवासींचे पाडे. पावसाळ्यात इथे भातखाचरे तुडुंब भरतात. भात झोडून झाले की माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. त्यांत गरोदर बायकाही असतात. हिवतापाची एक फारशी कुणी न सांगितलेली गोष्ट या बायकांची आहे.

हिवताप डासामुळे होतो, हे आपण शाळेत शिकलो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याचे जंतू पाहिले. पण तीन दिवसांच्या बाळाच्या रक्तात तेच जंतू सापडले तर? डास चावल्यावर जंतू आधी यकृतात वाढतात; रक्तात उतरायला त्यांना साधारण आठवडा लागतो. म्हणजे या बाळाला हिवताप डासाने दिलेला नाही. तो आईकडून आला आहे.

फॅल्सिपेरम जातीच्या जंतूंनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी वारेत चिकटून बसतात. बोटातून काढलेल्या थेंबात त्या दिसतीलच असे नाही. वर्षानुवर्षे हिवतापाच्या मुलखात राहिलेल्या बाईच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, त्यामुळे तिला ताप येईलच असेही नाही. रक्त मात्र कमी होत जाते. आपण म्हणतो, खाणे पुरेसे नाही. बाळ कमी वजनाचे जन्मते. त्याचा दोषही आपण उपासमारीवर टाकतो. तो अनेकदा खराही असतो, आणि म्हणूनच दुसरे कारण शोधायचे राहून जाते.

जंतू बाळापर्यंत पोचले, तरी लक्षणे अनेकदा दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. बाळ दूध ओढत नाही, फिकट पडते, कधी पिवळे होते, तापते. हे सारे जंतुसंसर्गासारखेच दिसते. डास चावण्याआधीच हिवताप झाला असेल, हे चटकन मनात येत नाही.

माझी उमर बँकेच्या खातेवह्यांत गेली. ताळेबंद जुळला म्हणजे हिशेब बरोबर, असे आम्ही कधी मानले नाही. जी नोंद दोन्ही बाजूंना झालीच नाही, ती चूक ताळेबंदात दिसत नाही. हिवतापाच्या मोजणीचे तसेच आहे. कर्मचारी दारात येऊन विचारतो, ‘कुणाला ताप?’ ताप नसलेली गरोदर बाई त्या वहीत येतच नाही.

आकडा खाली आला की आपण निश्चिंत होतो, हा जुना अनुभव आहे. देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. आता २०३० पर्यंत हिवताप संपवण्याचे उद्दिष्ट आहे. पण जसजसा हिवताप कमी होतो, तसतशी आईच्या अंगची प्रतिकारशक्तीही ओसरते. अशा वेळी झालेला हिवताप तिला आणि बाळाला अधिक जड जातो.

आफ्रिकेत जिथे हिवताप फार आहे, तिथे ताप असो वा नसो, गरोदर बायकांना प्रतिबंधक गोळ्या देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. आपला मार्ग वेगळा आहे: तपासा आणि उपचार करा. मग तपासणी चुकून कसे चालेल? हिमोग्लोबिनसाठी बोट टोचतातच. तेव्हाच आणखी एक थेंब घ्यावा. झटपट चाचणीचे उत्तर पंधरा-वीस मिनिटांत मिळते. एका चाचणीत निसटलेले पुढच्या खेपेला सापडू शकते, म्हणून ती प्रत्येक भेटीत व्हावी. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि त्यांना मुळातून काढणारे प्रायमाक्विन गरोदरपणी देता येत नाही. म्हणून एकदा बऱ्या झालेल्या बाईलाही पुन्हा तपासावे. आणि गरोदरपणी हिवताप झालेल्या आईचे बाळ जन्मल्यावर त्याचेही रक्त पाहावे.

डहाणूला आज आरोग्य संशोधनाचे केंद्र आहे. पाड्यापाड्यावर आशाताई आहेत. बाई भट्टीवर निघाली की तिच्या कार्डावर ‘हिवताप झाला होता’ एवढे तीन शब्द लिहिलेले असावेत, आणि बाळंतपण जिथे होईल तिथल्या नर्सबाईंनी ते वाचावेत.