औदार्य आवरा!

दिवाळी जवळ आली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या सज्जनांना कोलामांची आठवण होते. एरवी वर्षभर ती होत नाही. मग वर्गण्या गोळा होतात, कपाटांतले जुने कपडे बाहेर निघतात, चिवड्याच्या आणि लाडवांच्या पुड्या बांधल्या जातात, आणि झरीजामणी, मारेगाव, केळापूर किंवा घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या पोडावर चार-दोन मोटारी जाऊन उभ्या राहतात. पोरांना रांगेत बसवले जाते. देणाऱ्या हाताचे आणि घेणाऱ्या हाताचे छायाचित्र निघते. देणारा कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. घेणाऱ्याला कुठे पाहावे ते कळत नाही. दिवस मावळायच्या आत मोटारी परततात, आणि वंचितांच्या घरी प्रकाश पोचवल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आपण चहाबरोबर वाचतो.

या मंडळींवर माझा राग नाही. त्यांत माझे स्नेही आहेत, माझ्याबरोबर शाळेत शिकवणारे आहेत. त्यांचे मन चांगले आहे, आणि खरी अडचण तीच आहे. दुष्ट माणसाशी उघड भांडता येते. चांगल्या मनाच्या माणसाला ‘बाबा रे, तुझे चुकते आहे’ असे सांगणे महाकठीण! तरी ते सांगितले पाहिजे, आणि आपण सारे पोटभर फराळ करून दिवाळी अंक उघडतो, त्याच दिवसांत सांगितले पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: कोलाम गरीब आहे, तो कोणी त्याला काही दिले नाही म्हणून नव्हे. त्याचे होते ते काढून घेतले गेले म्हणून तो गरीब आहे. ज्याचे काढून घेतले, त्याला भेट द्यायची नसते; त्याचे त्याला परत करायचे असते.

कोलाम म्हणजे कोण, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. यवतमाळच्या वाचकांनाही ते कितपत ठाऊक आहे, याची मला शंकाच आहे. महाराष्ट्रातल्या तीन जमाती सरकारदरबारी ‘विशेष असुरक्षित’ म्हणून नोंदलेल्या आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. पूर्वी यांनाच ‘आदिम जमाती’ म्हणत. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्यात कोलामांची संख्या दोन लाखांच्या आतबाहेर आहे आणि त्यांची सर्वांत मोठी वस्ती आमच्याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडाला नाईक असतो, चावडी असते, निवाड्याची रीत असते. बांबूच्या टोपल्या विणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. शेजारच्या आदिलाबादकडे गोंड लोक त्यांना आपले पुजारी मानत आले आहेत. आणि दिवाळीचेच बोलायचे, तर या दिवसांत गोंड-कोलामांच्या वस्त्यांवर दंडार रंगते, ढोल घुमतो, पाहुणे येतात-जातात. तेव्हा त्यांच्या घरी दिवाळी आपण नेऊन पोचवतो, हा आपला निव्वळ गोड गैरसमज आहे. दिवाळी त्यांच्याकडे आहेच. त्यांच्याकडे नाही ती जमीन, आणि हक्काचा कागद.

ती जमीन गेली कुठे? हे लोक डोंगरउतारावर फिरती शेती करीत. इंग्रजी अमलात जंगले ‘राखीव’ झाली, डोंगरावरचे नांगर-कुऱ्हाडी खाली आल्या, आणि जिथे आजा पेरत होता तिथे नातू गुन्हेगार ठरला. मोह वेचला तर चोरी, डिंक काढला तर चोरी, गवताचा भारा आणला तर चोरी. आता एक इतिहास आठवा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून इंग्रजांचा कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. हा जंगल सत्याग्रह आम्ही शाळेत अभिमानाने शिकवतो, आणि शिकवलाच पाहिजे. पण बापूजींनी जे गवत एक दिवस कापले, ते कोलाम रोज कापत होता. बापूजी सत्याग्रही ठरले, कोलाम चोर ठरला. पुढे १९४७ साली सत्याग्रहींचे राज्य आले. चोराची चोरी मात्र आणखी साठ वर्षे चोरीच राहिली!

अखेर २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. आदिवासींवर आणि वनवासी जनांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, असे या कायद्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या कागदावर स्वतःचा अन्याय मान्य करावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसत होता, त्याला ती चार हेक्टरांच्या मर्यादेत मिळावी. पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव असावे. गावाच्या पारंपरिक सीमेतले जंगल राखण्याचा, वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क ग्रामसभेचा असावा. आणि कोलामांसारख्या जमातींना त्यांच्या साऱ्या अधिवासावरच हक्क मागता यावा, असा तो कायदा आहे. वाचून पाहावा. फराळाच्या पुड्यांवर गुंडाळलेल्या वर्तमानपत्रापेक्षा त्यात वाचण्यासारखे पुष्कळ आहे.

पण कायदा झाला म्हणून पट्टा चालत घरी येत नाही. आधी ग्रामसभा भरवावी लागते. तिने वनहक्क समिती निवडावी लागते. मग अर्ज, मग दोन पुरावे, मग वृद्धांचे जबाब. जंगलाची शीव कागदावर यायची, तर म्हाताऱ्या नाईकाला पुढे घालून दिवसचे दिवस पायपीट करावी लागते: हा आमचा नाला, हे आमच्या देवाचे ठाणे, ही आमची मसणवट, इथून आमचा मोह सुरू होतो. त्याची मोजणी करायची, नकाशा काढायचा, ठराव लिहायचा. मग कागद उपविभागीय समितीकडे, तेथून जिल्हा समितीकडे. कुठे नामंजूर झाला तर साठ दिवसांच्या आत दाद मागायची. ज्या माणसाला कचेरीची पायरी चढताना धाप लागते, त्याने हे सारे एकट्याने कसे करावे?

इथे संस्थेचे काम सुरू होते. आमच्या यवतमाळची ग्रामीण समस्या मुक्ती ट्रस्ट ही संस्था कोलाम पोडांवर वनहक्काचे हे काम करीत आली आहे, आणि मेळघाटातली ‘खोज’ व विदर्भातल्या आणखी काही संस्था यांच्याबरोबर ती विदर्भ उपजीविका मंचात उभी आहे. पोडावर बसायचे, कायद्याचे कलम लोकांच्या बोलीत समजावून सांगायचे, अर्ज त्यांच्याकडूनच भरवून घ्यायचा, आणि कचेरीत साहेबासमोर बोलायची वेळ आली की नाईकाला पुढे करून स्वतः मागे सरायचे, असे हे रूक्ष, रेंगाळणारे, वर्षानुवर्षांचे काम. याचे छायाचित्र काढायला कोणी जात नाही. ठरावाच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्या म्हातारीच्या चित्रात तुम्हांआम्हांला उभे राहायला जागाच नसते!

एवढ्याशा कागदावर काय अवलंबून असते, ते २०१९ साली देशाने पाहिले. १३ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवावे असा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस देशातल्या लाखो कुटुंबांच्या चुली अधांतरी होत्या. ज्याचा दावा नीट भरला गेला आणि मंजूर झाला, त्याची झोप शाबूत राहिली. ज्याला दिवाळीत नुसते ब्लँकेट मिळाले होते, त्याने ते त्या पंधरा दिवसांत पांघरले असते तरी त्याला झोप आली नसती.

आता आक्षेप येतील. ते मी येण्याआधीच ऐकतो. पहिला आक्षेप: ‘भुकेला आज भूक लागते, तुमचा पट्टा दहा वर्षांनी येणार. तोवर ब्लँकेट दिले तर बिघडले कुठे?’ काही बिघडत नाही. थंडीत पांघरूण जरूर द्या. पण शेजाऱ्याच्या घरी अडचण असली म्हणजे आपण मागच्या दाराने पीठ देतो आणि त्याची वाच्यता करीत नाही, तसे द्या. शेजाऱ्याच्या पोरांना रांगेत बसवून त्यांचे छायाचित्र काढायची तुमची छाती होईल का? होत नसेल, तर कोलामाच्या पोरांच्या बाबतीत ती का होते? वागणुकीतला हा फरक हीच आपली जातिभेदाची खरी मोजपट्टी आहे.

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा असतो: ‘जंगल यांच्या हाती दिले तर हे ते कापून खातील.’ विदर्भातच उत्तर आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी त्यामागे किती वर्षे अभ्यासमंडळे चालवली होती, ते सर्वश्रुत आहे. २०११ साली त्या गावाने स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायला काढला. जंगल अजून उभे आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरचे लोक २०१२ साली हक्क मिळाल्यावर उजाड माळावर राबले, झाडे जगवली, सीताफळे शहरात विकू लागले. २०१४ साली त्यांना भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. राखीव जंगलांतला साग लिलावाने ठेकेदारांच्या लाकडी गुदामांत गेला, तेव्हा जंगल कोणाच्या हाती होते? कोलामाच्या नक्कीच नव्हते.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे: ‘संस्थाही पैसे खातात.’ खातात, काही खातात. म्हणून तर वर्गणी देताना डोळे उघडे ठेवायचे. मी तीन प्रश्न सुचवतो. तुमच्या कामानंतर किती लोकांच्या नावे हक्काचा कागद झाला? पोडावरचा कोणता माणूस आता तुमच्यावाचून साहेबाशी बोलतो? आणि तुम्ही त्या पोडावरून निघून कधी जाणार? तिसऱ्या प्रश्नावर जी संस्था गोंधळेल, तिला पैसे देऊ नयेत. गरिबाला जन्मभर आपल्या दारी बांधून ठेवणारी सेवा आणि सावकारी यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याविषयी. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो तो फावल्या वेळात. कोलामाचे पोर पहिलीत येते तेव्हा त्याची घरची भाषा कोलामी असते. ती मराठीची बोली नव्हे. तेलुगू आणि गोंडी यांच्या द्राविडी कुळातली ती स्वतंत्र भाषा आहे. त्या पोराला आपली मराठी परकीच वाटते. ते गप्प बसते. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही मास्तर लोक ‘मठ्ठ’ हा शब्द वापरतो, दोन वर्षांनी ‘गळती’ हा शब्द वापरतो, आणि मग पुढाऱ्यांच्या भाषणात ‘मागासलेपणा’ हा शब्द येतो. तीन शब्दांत एका मुलाचा निकाल! कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एम. बी. एमेनो या पंडिताने कोलामी भाषेवरचा मोठा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी तो सातासमुद्रांपलीकडून आमच्या शेजारच्या वर्ध्याकडे येऊन बसला होता. आणि पोडाशेजारच्या शाळेत नोकरी करणाऱ्याला त्या भाषेत ‘ये, बस’ म्हणता येऊ नये? जो मास्तर एवढे शिकेल, त्याने त्या मुलांना शंभर वह्या वाटल्याहून मोठे काम केले असे मी समजेन.

अमेरिकेतल्या वंशभेदाच्या बातम्या वाचून आपण हळहळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांचे गुण आपल्या बांधवांनी घ्यावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी दूरच्या दिव्याकडे बोट दाखवले, ते घरातला अंधार दिसावा म्हणून. आपण मात्र दूरचा अंधार पाहतो आणि घरात आकाशकंदील लावून समाधान मानतो. पोडावरून कापूस वेचायला आलेल्या बाईला पाण्याचा पेला निराळा ठेवायचा, आणि दिवाळीत तिच्याच पोराला लाडू द्यायचा! त्या लाडवाने पोट थोडे भरेल. पेला मात्र निराळाच राहील.

२०२३ सालच्या १५ नोव्हेंबरला अशा पंचाहत्तर जमातींसाठी केंद्र सरकारने ‘जनमन’ नावाची मोठी योजना सुरू केली. घरे, रस्ते, पाणी, वीज असे तिच्यात पुष्कळ काही आहे, आणि ते पोडापर्यंत पोचले तर आनंदच आहे. पण तिथेही ‘तुझ्यापाशी दाखला आहे का, जागा तुझ्या नावे आहे का’ हेच विचारणार. म्हणजे गोष्ट फिरून कागदावरच येते. हक्काचा कागद नसलेल्याच्या दारावरून प्रत्येक योजना पुढे निघून जाते.

म्हणून वाचकहो, यंदा एवढे करा. लाडू घरातच खा. ते चांगले झाले असतील. मोटार काढायचीच असेल तर दिवाळी झाल्यावर, कॅमेरा घरी ठेवून काढा. पोडावर जाऊन चावडीत बसा आणि काय हवे ते आधी विचारा. बहुतेक ते लाडू म्हणणार नाहीत. कोणाचा दावा कुठे अडला आहे, कोणाच्या मुलाला जातीचा दाखला मिळत नाही, ते सांगतील. तुमच्यात कोणी वकील असेल, कोणी निवृत्त तलाठी असेल, कोणाचे अक्षर वळणदार असेल. त्याने आपली चार रविवारची दुपार तिथे द्यावी. आणि कापूस वेचायला येणाऱ्या बाईचा पेला आजच घरातल्या पेल्यांत मिसळून टाकावा. त्याला ना वर्गणी लागते, ना संस्था.

पोडावर आपली मोटार गेली नाही तरी कोणाचे काही अडत नाही, असे ज्या वर्षी होईल, त्या वर्षी आपल्या सेवेला फळ आले म्हणायचे. तोवर कृपा करून औदार्य आवरा, आणि देणे फेडा.