भाषांचा सांधा आणि यंत्राची नजर

जुन्या-नव्या कागदपत्रांचे संगणकीकरण झपाट्याने होत असताना एका मूलभूत प्रश्नाकडे दुर्लक्ष होत आहे. एकाच मजकुरात भाषा कोठे बदलते, हे यंत्राला ओळखता येते काय? मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या सोलापुरास हा प्रश्न परका नाही.

भाषेबरोबर लिपीही बदलली, तर यंत्राचे काम सोपे असते. युनिकोड या संकेतप्रणालीत कन्नड व तेलुगू अक्षरांना स्वतंत्र क्रमांक आहेत. डोळ्यांना सारखी भासणारी ही वळणे यंत्र क्षणात वेगळी करते. खरी कसोटी लागते ती लिपी तीच राहून भाषा बदलते तेव्हा. मराठी, हिंदी व संस्कृत या तिन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. ‘विजय’ या एकट्या शब्दावरून भाषा सांगणे पंडितासही अशक्य आहे; ‘आहे’ की ‘है’, ‘चा’ की ‘का’ हे पाहूनच निर्णय करावा लागतो. अक्षरांचे कोणते गट किती वेळा येतात, हे मोजून भाषा ठरविण्याची पद्धत कॅव्हनर व ट्रेंकल यांनी १९९४ साली मांडली. दीर्घ मजकुरास ती उत्तम लागू पडते. एखाद्या ओळीपुरता पुरावा मात्र तिला अपुरा ठरतो. शब्दागणिक निर्णय करणाऱ्या पुढील पद्धतींनाही माणसांनी खुणा करून दिलेले नमुने लागतातच.

या उणिवेचे मोल किती, हे सोलापूर जिल्ह्यातीलच एका उदाहरणावरून कळते. भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या परिश्रमांमुळे तो प्रकाशात आला. संस्कृत मजकुराच्या अखेरीस, वाचणाऱ्याचा विजय चिंतणारे एक मराठी वाक्य त्यात आहे. संपूर्ण लेखावर ‘संस्कृत’ अशी एकच चिठ्ठी डकविणारे यंत्र नेमके हे वाक्य गमावील. आणि त्या वाक्यामुळेच तर हा लेख मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जातो!

मजकुराची भाषा बहुमताने ठरविली, की त्यातील अल्पसंख्य भाषा शोधसूचीतून नाहीशी होते. कन्नड दस्तऐवजातील मराठीवर हा अन्याय होईल, तसाच मराठी कागदातील तेलुगूवरही. म्हणूनच संगणकीकरण करताना भाषेची नोंद कागदागणिक नव्हे, तर वाक्यागणिक झाली पाहिजे. त्यासाठी लागणारे नमुने तयार करण्यास बहुभाषी सोलापुरातील शिक्षक व विद्यार्थी यांच्याइतके योग्य कोण? भाषांचा सांधा यंत्राला दिसावा असे वाटत असेल, तर तो आधी माणसाने दाखवून दिला पाहिजे.