गर्भिणीची प्रथम परीक्षा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. तथापि गर्भिणी प्रथमच चिकित्सालयात येते, तेव्हा नाडी पाहून व पथ्य सांगून तिला निरोप देण्याचा प्रघात आपल्यापैकी अनेकांत आढळतो. आम्हीही काही वर्षे तेच केले. पुढे एका रुग्णेचा रक्तदाब सातव्या मासात १५०/१०० आढळला. तो पूर्वीचा की गर्भावस्थेत उद्भवलेला, हे ठरविण्यास २० आठवड्यांपूर्वीची नोंद हवी होती. ती आमच्याजवळ नव्हती. तिला तत्काळ रुग्णालयात पाठविले. माता व बालक सुखरूप राहिले, परंतु त्याचे श्रेय आमचे नव्हे.

म्हणून पहिल्याच भेटीत, शक्यतो १२ आठवड्यांच्या आत, उंची, वजन व रक्तदाब नोंदवावा. नेत्र व जिव्हा यांवरील पांडुता, पायांवरील शोथ, हृदय, फुप्फुसे, स्तन व उदर तपासावे. यांपैकी काय व कशासाठी तपासणार, हे तिला आधी सांगावे. अंतःपरीक्षणाच्या भयाने अनेक स्त्रिया ही भेटच लांबणीवर टाकतात. ते प्रत्येकीस आवश्यक नसते. आवश्यक असेल तेथे संमती घेऊन, स्त्री-परिचारिकेच्या उपस्थितीतच करावे.

गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे जपावे, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. पात्र जपावयाचे, तर ते आरंभीच नीट पाहिले पाहिजे. रक्तदाबमापक हे त्या पाहण्याचेच साधन आहे. त्यास परके मानण्याचे कारण नाही.