शहराला गाळणी, शिवाराला धूर

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांना हुकूम दिला : धुरातला गंधक दोन वर्षांत आवरा. मुदतीमागून मुदत देता देता जुलै २०२५ उजाडले आणि बहुतेक केंद्रांना गंधक काढणारे यंत्र बसवण्यातून सूटच मिळाली. सरसकट सक्ती उरली ती दिल्ली परिसर आणि १० लाखांवर वस्तीची शहरे यांच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना. अतिप्रदूषित पट्ट्यांतल्या केंद्रांचा निर्णय एकेक तपासून होणार. म्हणजे 'इंडिया'ला गाळणी, 'भारता'ला धूर!

सरकार म्हणते, आपल्या कोळशात गंधक कमी. हिशेब करू. अर्धा टक्का धरला तरी टनामागे ५ किलो गंधक; जळाल्यावर १० किलो सल्फर डायऑक्साइड. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या केंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो.

आम्ही उगाच भीती घालणार नाही. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी आहे, ती आम्ल मारते. नापिकीचे खापर आम्ल पावसावर फोडणे खोटे ठरेल. पण पानाला चुनखडीचे कवच नसते. वायू दाट असला की छिद्रांतून आत शिरतो, शिरांमधला भाग करपतो. माणसाच्या छातीलाही कवच नाही.

म्हणून मागणी एवढीच : केंद्रांभोवतीच्या शिवारात हवा आणि पावसाचा सामू मोजा. स्वच्छ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो, आमचा किती, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. नुकसान दिसले तर भरपाई द्या.

वीज आम्हालाही हवी. पण वीज सगळ्यांची आणि धूर आमचा, ही वाटणी आम्हाला मंजूर नाही.