फूल खोटे नव्हते, काटा परका होता

#धागा

१/ जामनेरच्या एका वाचकांनी आमच्या मागील धाग्यावर आक्षेप नोंदवला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी १ किलो वाळलेले मोह ४ लिटर पाण्यात भिजवले आणि दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटर सोडला. काटा १.०२० वर थांबला. निष्कर्ष असा, की फुलात साखरच नाही आणि 'आदिवासींचे पारंपरिक ज्ञान' ही शहरी लोकांची भाबडी कल्पना. या निष्कर्षाचा आम्ही ठाम निषेध करतो.

२/ वाळलेल्या मोहाच्या वजनात साधारणतः निम्मी किंवा त्याहून अधिक साखर असते. निम्मीच धरली, तरी ती पूर्ण उतरल्यावर काटा १.०४० च्या पुढे जायला हवा. मग उरलेली साखर गेली कुठे? ती फुलातच आहे. काटा फक्त पाण्यात विरघळलेले मोजतो; फुगलेल्या पाकळीत दडलेले त्याला दिसत नाही.

३/ शिवाय भांडे ढवळले होते का? जड रस तळाशी राहतो, वरचे पाणी हलके असते. आणि जामनेरचा मे महिना! २० अंशांना जुळवलेला काटा ४० अंशांच्या द्रवात सुमारे ०.००६ कमी दाखवतो. म्हणजे खरा १.०२६ तिथे १.०२० वाचला जातो. आणखी एक गोष्ट: फूल साखर सोडत असतानाच आंबणे सुरू होते. त्यामुळे मोहाच्या बाबतीत 'मूळ घनता' असा एकच क्षण पकडणेच अवघड. वासावरून, फेसावरून आणि फूल तळाला बसले की नाही यावरून ठरवणारी बाई अज्ञानी नसते. तिची मोजणी वेगळी असते.

४/ आता इतिहास. 'मूळ घनता' हे माप मोठे झाले ते करवसुलीच्या दफ्तरात. १८८० साली ग्लॅडस्टनने इंग्लंडमधील माल्टवरील कर रद्द करून बिअरवर कर बसवला, तो आंबण्यापूर्वीच्या रसाच्या घनतेवर; प्रमाण ठरले १.०५७. त्यामागचा विचार उदार होता: कोणते धान्य, कोणती साखर वापरायची ते तुम्ही ठरवा, आम्ही फक्त काटा वाचू.

५/ त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्यात आबकारी कायदा झाला. इथे उलट न्याय! गाळण्याचा हक्क गावातून काढून सरकारी परवान्याच्या आणि मक्तेदारांच्या हाती दिला. १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा आला. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता, खानदेशासाठी नव्हे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण त्यातला विचार पाहा. जंगलातले फूल, जे तंगीच्या दिवसांत उकडून खाल्ले जाते, जे गुरांना घातले जाते, ते घरात बाळगणेच संशयास्पद ठरले. लंडनचा बिअरवाला वाटेल तो माल निवडू शकत होता. इथल्या माणसाला पायाशी पडलेले फूल उचलण्यासाठी जाब द्यावा लागला.

६/ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहाच्या फुलांवरील नियंत्रण ठेवले. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठीचा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे सकाळच्या वृत्तपत्रात अजूनही 'कच्चे रसायन नष्ट' ही चौकट येते. आणि परवान्याच्या देशी दारूच्या बाटलीवर '२५ यू.पी.' छापलेले असते, म्हणजे ४२.८ टक्के. हे 'अंडर प्रूफ' इंग्रजी अबकारीचेच माप! (विलायती काटा अजून बाटलीवर बसून आहे, हे किती जणांच्या लक्षात येते?)

७/ 'मग तुम्ही दारूचे समर्थन करता का?' हा प्रश्न येणारच. नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. दारू सोडण्याची हाक आदिवासी समाजातूनच उठली होती, हेही विसरू नका: १९३० च्या दशकात तळोदा भागातील गुला महाराजांनी हजारो भिल्लांना दारूपासून दूर नेले, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही आबकारी निरीक्षकाची गरज पडली नाही. आमचा आक्षेप आहे तो चुकीच्या वाचनावरून एका समाजाला मूर्ख ठरवण्याला.

८/ जामनेरकर महोदय, फुले कुस्करून गरम पाण्यात पुन्हा भिजवा, नीट ढवळा, गाळून २० अंशांवर आणा आणि मग काटा सोडा. आकडा इथेच कळवा. तो १.०२० च आला, तर हा धागा आम्ही स्वतः मागे घेऊ.