अर्धांगाची पूर्वसूचना

दोन महिन्यांपूर्वीं आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे सत्यनारायणाची पूजा होती. पानें वाढलीं गेलीं, मंडळी पाटावर बसली आणि घरांतील वडील अण्णा आपोशन घेऊं लागले. पळीनें घातलेलें पाणी तळहातावर ठरेना. हात कलला व पाणी पानांत सांडलें. त्यांनीं कांहीं सांगण्याचा प्रयत्न केला, पण शब्द जड होऊन एकांत एक मिसळले. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरला, कोणी आल्याचा रस काढावयास सांगितलें. आठ-दहा मिनिटांत हात पूर्ववत् हलूं लागला, वाणी स्पष्ट झाली, आणि अण्णा स्वतःच हंसून म्हणाले, "सकाळपासूनचा उपास, पित्त चढलें असावें." पंक्तींत आम्हीहि होतों. "जेवण झाल्यावर घटकाभर पडा," हा सल्ला आमचाच.

तिसऱ्या दिवशीं पहांटे अण्णांचें उजवें अंग गेलें. ते हयात आहेत. परंतु ज्यांचे विष्णुसहस्रनामाचे उच्चार ऐकावयास शेजारी थांबत, त्यांना आज नातवाचें नांव घेतां येत नाहीं.

तो सल्ला आमच्या मनांतून जाईना, म्हणून या रोगासंबंधीं मिळेल तें वाचलें. तेंच या महिन्यांत वाचकांपुढें ठेवतों.

या व्याधीस आपण अर्धांगवायु म्हणतों, आणि चरकसंहितेंतहि तिची गणना वातव्याधींतच आहे. आजचें शास्त्र सांगतें कीं, बहुतेक वेळां येथें रक्ताची गुठळी मेंदूची वाट अडविते. ती गुठळी कधीं मानेंतील धमनींत धरते, तर कधीं हृदयांत. हृदयाचे वरचे कप्पे ठेका सोडून नुसते थरथरूं लागले म्हणजे तेथें रक्त सांचतें, थिजतें आणि तुकडा सुटून वर जातो. म्हणजे दुखणें मेंदूचें, पण मूळ पुष्कळदां छातींत! गुठळी लहान असून विरघळली तर गेलेला हात परत येतो. अण्णांचा त्या दिवशींचा हात असाच परत आला होता.

हें क्षणिक लक्षण म्हणजे मोठ्या झटक्याची वर्दी असते, हें नीट ओळखणाऱ्यांत कॅनडांतील मज्जाविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांचें स्थान फार वरचें आहे. पक्षाघात झालेल्या रोग्यांस ते आधींची हकीकत खोदून खोदून विचारीत. त्यांत कोणी सांगे कीं, पूर्वीं एका डोळ्यापुढें कांहीं मिनिटें अंधार आला होता. आणि नवल असें कीं, तो डोळा लुळ्या पडलेल्या अंगाच्या विरुद्ध बाजूचा! शवविच्छेदनांत त्या काळीं मेंदू काढून पाहात, मान तशीच राहात असे. फिशर यांनीं मान उघडून पाहिली, आणि मेंदूकडे जाणारी धमनी तेथेंच बंद झालेली आढळली. १९५१ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. सुश्रुतानें मर्मांच्या प्रकरणांत कंठाच्या दोहों बाजूंस नीला व मन्या अशा चार धमन्या सांगून त्यांच्या आघातानें मूकत्व येतें असें म्हटलें आहे. वाचून आनंद होतो. परंतु यावरून सारें कांहीं पूर्वजांस ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं.

वर्दी ओळखल्यावर घाई किती करावी, याचें उत्तर मात्र आणखी अर्ध्या शतकानें मिळालें, आणि तें ऑक्सफर्ड येथील मज्जाविकारतज्ज्ञ पीटर रॉथवेल यांच्या संशोधनांतून. २००२ सालीं त्यांनीं ऑक्सफर्डशायर परगण्यांतील नऊ दवाखान्यांशीं जोडलेल्या सुमारें ९१ हजार लोकांची नोंद ठेवावयास आरंभ केला. हृदयाचा झटका असो, मेंदूचा असो कीं हातापायांच्या धमनीचा, प्रत्येकाची गणना व्हावयाची. २००५ सालच्या निष्कर्षांत मेंदूचे झटके हृदयाच्या झटक्यांहून कमी तर नव्हतेच, किंचित् अधिकच भरले. त्याच वर्षीं त्यांनीं व चार्ल्स वॉर्लो यांनीं दाखविलें कीं, ज्यांस पक्षाघातापूर्वीं वर्दी मिळाली होती, त्यांच्यापैकीं शेंकडा ४३ जणांस ती अखेरच्या सात दिवसांतच मिळाली होती.

आतां मुख्य गोष्ट. २००४ पर्यंत तेथील रीत आपल्याकडच्यासारखीच सावकाशीची होती. झटका येऊन गेलेल्या रोग्यानें आधीं वेळ मागून घ्यावी, मग तज्ज्ञानें तपासावें, मग घरच्या डॉक्टरांस पत्र जावें व त्यांनीं औषध लिहावें. या फेऱ्यांत निम्म्या रोग्यांच्या हातीं पहिली गोळी पडावयास वीस दिवस वा त्याहून अधिक लागत. ऑक्टोबर २००४ पासून रॉथवेल यांनीं क्रम मोडला. वेळ मागण्याची गरज नाहीं. आज झटका, आज तपासणी, आणि औषधाचा आरंभ तेथल्या तेथें. वीस दिवसांचा एक दिवस झाला. पूर्वींच्या पद्धतींत नव्वद दिवसांच्या आंत शेंकडा १०.३ रोग्यांस पुन्हां झटका येत असे. नव्या पद्धतींत हें प्रमाण शेंकडा २.१ वर आलें. २००७ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले. लक्षांत घ्या, औषध एकहि नवें नव्हतें. रक्त गोठूं न देणारीं, मेद उतरविणारीं व रक्तदाब कमी करणारीं तींच जुनीं औषधें. फक्त तीं उशीर न करतां दिलीं.

२०१० सालीं त्यांनीं आणखी एक गोष्ट पुढें आणली: रक्तदाबाची सरासरी बरी असली तरी वेळोवेळीं तो फार वरखालीं होणें हेंहि पक्षाघाताचें लक्षण धरावें. घरोघरीं यंत्र आहे. एक दिवस आंकडा चांगला दिसला कीं गोळी बंद करणारे पुरुषहि घरोघरीं आहेत!

हें वाचून कोणी घरच्या घरीं ऍस्पिरिन देईल, तर तें नको. कांहीं झटके गुठळीचे नसून मेंदूंत रक्त सांडल्याचे असतात. तेथें हीच गोळी घात करील. दोहोंतला भेद डोळ्यांस दिसत नाहीं, मेंदूचें चित्र काढूनच कळतो. तोंड वांकडें होणें, एक हात गळून पडणें, वाणी अडखळणें, एका डोळ्यापुढें पडदा येणें, यांपैकीं कांहीं एकाएकीं झालें तर तें पांच मिनिटांत गेलें तरी रोग्यास त्याच दिवशीं इस्पितळांत न्यावें. गेलें नाहीं तर एक क्षणहि थांबूं नये. गुठळी विरघळविण्याचें औषध पहिल्या साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि तो काळ रोग्यास प्रथम त्रास झाला तेव्हांपासून मोजतात.

गेल्या आठवड्यांत अण्णांस भेटून आलों. निघतांना त्यांच्या सूनबाईंनीं दारांत विचारलें, "मास्तर, त्या दिवशीं पंक्त तशीच ठेवून त्यांना नेलें असतें तर?" नवी पद्धति असूनहि शंभरांतील दोघांस झटका आलाच होता, हें सांगून स्वतःची सुटका करून घेण्याचा मोह आम्हांस झाला. तो आंकडा आमच्या तोंडून निघाला नाहीं. "न्यावयास हवें होतें," एवढेंच म्हणालों.