संगणक : आंबेमोहोर की इंद्रायणी?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या जून महिन्यात आमच्या घरी एक वाद झाला. आमच्याकडे वाद बहुधा बांधावरून, पावसावरून किंवा लग्नातल्या आहेरावरून होतात. हा मात्र संगणकावरून झाला. माझ्या आधी आमच्या घरातले कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. मला संगणक हवा, याविषयी कुणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो कोणता घ्यावा याचा.

आप्पांचे म्हणणे सरळ होते. ते हिंजवडीला एका कंपनीच्या गाडीवर चालक आहेत. मागच्या आसनावरच्या साहेबांच्या मांडीवर त्यांनी तो संगणक पाहिला होता : पातळ, रुपेरी, झाकणावर चावलेले सफरचंद. ते म्हणाले, "घ्यायचाच हाय तर त्योच घिऊ. हप्ते पाडून मिळतोय. पोरगी शिकती, तिनं हलकी वस्तू का वापरायची?" आई बचत गटात आहे, तिला व्याजाचे गणित कळते. ती एवढेच म्हणाली, "हप्ता पावसाळ्यातबी भरायचा असतोय."

मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'मॅकबुक एअर'ची आपल्याकडील सुरुवातीची किंमत ९९,९०० रुपये होती. कुठल्याशा कचेरीतून निघालेला, तपासून पुन्हा विक्रीस ठेवलेला साधा विंडोजचा लॅपटॉप मला २२,००० रुपयांत मिळाला. मी तोच घेतला. परंतु 'परवडला नाही म्हणून साधा घेतला' एवढेच उत्तर असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. उद्या कुणी मला लाख रुपये दिले तर मी काय घेईन, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मला जे दिसले ते आपणापुढे मांडते.

या दोन संगणकांमागे दोन निरनिराळे विचार आहेत. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तो बहुतांशी बाजारात मिळणारे भाग वापरून. आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. साहजिकच थोड्याच काळात इतर कंपन्या तसेच संगणक बनवू लागल्या, किमती उतरल्या, आणि पुढे तर गल्लीतला दुकानदारही भाग जोडून संगणक तयार करून देऊ लागला. ॲपलने जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणला, तो अगदी उलट रीतीने. यंत्रही आमचे आणि ते चालवणारी प्रणालीही आमचीच, असा तो बाणा. मध्यंतरी काही वर्षे दुसऱ्या कंपन्यांना मॅकसारखी यंत्रे बनवण्याची मुभा मिळाली होती. स्टीव्ह जॉब्ज कंपनीत परतल्यावर १९९७ साली तीही संपली. २०२० पासून तर ॲपल मॅकमध्ये स्वतःची चिप घालू लागली.

आता न्यायाने बोलायचे तर या बंद दाराआड झालेले काम सुंदर आहे. त्या काळी साध्या संगणकापुढे बसून आज्ञा पाठ करून टाइप कराव्या लागत. चित्रावर माऊस नेऊन कळ दाबायची, ही सोय सामान्य माणसात लोकप्रिय केली ती मॅकिंटॉशने. १९८५ साली त्याच्या जोडीला लेसर प्रिंटर आणि 'पेजमेकर' आले आणि मेजावर बसून छपाईची पाने जुळवता येऊ लागली. आपले हे वार्षिक आज ज्या पद्धतीने जुळवले जाते, तिचे मूळ तिथे आहे.

आणखी एक गोष्ट कबूल करते. ज्या मुळशी धरणाच्या पाण्यावर १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होते, त्याच तालुक्यातल्या आमच्या वाडीत पावसाळ्यात वीज गेली की केव्हा येईल याचा नेम नसतो. माझा लॅपटॉप बॅटरीवर जेमतेम दीड तास चालतो. नव्या मॅकबुकला बहुतेक दिवसभर चार्जर लागत नाही. म्हणजे ज्याला ते यंत्र सर्वांत अधिक उपयोगी पडावे, त्यालाच ते परवडत नाही!

पुण्यात एका कार्यशाळेला गेले असताना माझ्या शेजारी बसलेल्या मुलीकडे तोच संगणक होता. खरे सांगते, मी माझा लॅपटॉप पिशवीतून बाहेर काढला नाही. दिवसभर वहीत लिहीत राहिले. दुपारी तिने आपण होऊन विचारले, "तुला टाइप करून बघायचंय?" मी चार ओळी टाइप केल्या. कळा इतक्या हलक्या की बोटांना कळूही नये. मी तसे म्हणाले, तेव्हा ती हसून म्हणाली, "अजून चौदा हप्ते राहिलेत गं." त्या क्षणी माझी लाज कमी झाली, आणि तिच्याविषयीचा माझा मनातला आकसही. आम्हा दोघींच्या घरी एकच हिशेब चालू होता.

आपल्या मावळपट्ट्यातल्या वाचकांना हे भाताच्या भाषेत सांगते. आंबेमोहोर शिजला की शेजारच्या घरात कळते. परंतु त्याचे उत्पन्न कमी, आणि उंच वाढत असल्याने वाऱ्यापावसात तो आडवा होतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ साली इंद्रायणी दिली. थोडा वास राहिला, उतारा वाढला. आमच्या घरी आंबेमोहोर एका खाचरात असतो, सणाला आणि पाहुण्यांना. वर्षाचे पोट इंद्रायणीवर भरते. साध्या संगणकाचेही असेच झाले नाही काय? माऊस, चित्रे, खिडक्या हे सगळे आज त्यातही आहे. आंबेमोहोराला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण इंद्रायणी खाणाऱ्याने खाली मान घालून जेवण्याचेही कारण नाही.

आता आपली, म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यांची गरज काय? निबंध लिहिणे, संदर्भ वाचणे, मराठी टंकलेखन शिकणे, अर्ज भरणे. मी ज्या वर्गात मराठी टंकलेखन शिकते तिथे सारे संगणक विंडोजचे. एमएस-सीआयटी केली तीही विंडोजवर. छापखान्यात फाईल द्यायला गेले तर तिथेही तेच. घरी निराळे आणि बाहेर निराळे, असा दुहेरी अभ्यास मला परवडणारा नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा दुरुस्तीचा. दिवाळीच्या सुट्टीत माझा लॅपटॉप इतका मंद झाला की तो सुरू होईपर्यंत चहा होऊन जाई. पिरंगुटच्या एका दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर मागचे सहा-सात स्क्रू काढले, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, मेमरीची एक पट्टी वाढवली. तास-दीड तासाचे काम. मी शेजारी उभी राहून पाहत होते. पुढच्या वेळी पट्टी मीच बसवीन. नव्या मॅकबुकमध्ये मेमरी मुख्य चिपबरोबरच कायमची बसवलेली असते. घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. जी वस्तू आपल्या गावाजवळ उघडता येते, तिच्यावर आपली थोडीतरी सत्ता चालते. विहिरीवरच्या मोटारीला हाच न्याय लावणारे आपण, संगणक म्हटला की तो विसरतो.

तथापि साधा संगणक म्हणजे स्वातंत्र्य, असेही मी म्हणणार नाही. हल्ली काही पातळ विंडोज लॅपटॉपही मेमरी कायमची बसवूनच येतात. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक नवा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्राचा प्रोसेसर त्यात बसत नाही. म्हणजे माझ्या धडधाकट यंत्राला दूर देशीच्या एका कंपनीने निवृत्त केले. मालक बदलला, मालकी तीच! शेवटी त्याच दुकानातल्या मुलाने त्यावर लिनक्स घालून दिले. हे लिनक्स १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केले आणि जगभरच्या लोकांनी वाढवले. ते फुकट आहे आणि त्यात मराठी उत्तम टाइप होते. हा लेख मी त्यावरच लिहीत आहे.

म्हणून माझे मत असे : संगणक घेताना त्याच्या झाकणावरचे चिन्ह पाहू नये, तीन प्रश्न विचारावेत. बिघडला तर जवळपास कोण उघडेल? कंपनीने हात वर केले तर तो चालेल का? आणि एकाच्या किमतीत किती जणांचे काम होईल?

तिसरा प्रश्न मी आपल्या महाविद्यालयालाही नम्रपणे विचारते. आपल्यातले कितीतरी जण अजून मोबाइलच्या पडद्यावर निबंध लिहितात. नव्या विंडोजमध्ये बसत नाहीत म्हणून जुने संगणक भंगारात घालण्याची वेळ आली, तर आधी त्यांवर लिनक्स घालून पाहावे, आणि संगणक कक्ष शेवटच्या एसटीच्या वेळेपर्यंत उघडा ठेवावा. एका चकचकीत यंत्रापेक्षा दहा साधी यंत्रे उघड्या खोलीत असणे बरे. पुण्याला हा विचार नवा नाही. हवा तसा महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शास्त्रज्ञांनी एका बलाढ्य यंत्राचा हट्ट सोडला, पुष्कळ छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडले, आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा केला.

आणि लाख रुपये मिळाले तर? एक चांगली बॅटरी घेईन, आणि उरलेल्या पैशांत आमच्या वाडीतल्या दोघी-तिघींना असेच साधे लॅपटॉप घेता येतील.

आप्पांचे समाधान मात्र झाले नव्हते. मध्यंतरी शेजारचे तिघे जण सात-बारा पाहायला आमच्या ओटीवर आले. एकाचा गट नंबर चुकीचा होता, तो शोधण्यात संध्याकाळ गेली. तेवढ्यात वीज गेली आणि बॅटरी संपायच्या आत तिघांचेही उतारे सापडले. मंडळी गेल्यावर आप्पा माझ्या लॅपटॉपचे झाकण आपल्या उपरण्याने पुसत म्हणाले, "चालतोय की गं ह्यो!"